विमानाला पोचा आला, तर ते उडत का नाही?

१६ मे २०२४ रोजी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे विमान धावपट्टीकडे जात असताना सामान ओढणाऱ्या ट्रॅक्टरशी त्याची टक्कर झाली. विमानात सुमारे १८० प्रवासी होते. कोणालाही इजा झाली नाही, मात्र विमानाच्या नाकाला आणि चाकाजवळच्या भागाला मार लागल्यामुळे त्या दिवशी ते विमान उडू शकले नाही. पुढच्या वर्षी, १८ एप्रिल २०२५ रोजी, बंगळूरच्या विमानतळावर एक टेम्पो ट्रॅव्हलर दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या इंडिगोच्या विमानाच्या नाकाखाली घुसला आणि त्याचे छत चेपले गेले. तीन महिन्यांतच मुंबईत मालवाहू ट्रक अकासा एअरच्या उभ्या विमानाला लागला.

अशा बातम्या वाचल्यावर मनात येणारा प्रश्न अगदी रास्त असतो. जे विमान गारा, वादळ आणि पक्ष्यांचे धक्के सोसून ताशी ८०० किलोमीटर वेगाने उडते, त्याला एखाद्या टेम्पोने थोडेसे खरचटले तर एवढी चौकशी आणि एवढा खोळंबा कशासाठी? रस्त्यावर आपल्या गाडीला रोज कोणी ना कोणी घासून जाते आणि तरीही आपण कामावर जातोच. या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासाठी उडणारे विमान विसरून जमिनीवर उभे असलेले विमान नीट पाहावे लागते, कारण ही दोन जवळजवळ वेगळी यंत्रे आहेत.

विमानाभोवतीचा अर्धा तास

विमाने उभी राहतात, प्रवासी चढतात-उतरतात आणि सामान भरले जाते त्या काँक्रीटच्या विस्तीर्ण पटांगणाला ‘ॲप्रन’ म्हणतात. त्यावर प्रत्येक विमानासाठी आखलेली जागा असते, तिला विमानतळावरचे लोक ‘बे’ म्हणतात. या लेखात एवढे दोन शब्द लक्षात ठेवले तरी पुरे.

विमान बेवर थांबते आणि त्याची इंजिने बंद होतात तेव्हा त्याच्याभोवती किती गाड्या जमतात, हे खिडकीजवळ बसणाऱ्यांनी पाहिलेले असते. वीज पुरवणारी गाडी, शिडी, सामान वर-खाली नेणारा सरकता पट्टा, त्याच्यामागे सामानाच्या गाड्यांची माळ ओढणारा ट्रॅक्टर, इंधनाची गाडी, आख्खा डबा उचलून दारापर्यंत नेणारा जेवणाचा ट्रक, पिण्याच्या पाण्याची गाडी, शौचालयाची टाकी रिकामी करणारी गाडी, प्रवाशांची बस, चाकाची खुर्ची वर उचलणारी गाडी आणि शेवटी विमान मागे ढकलणारा ‘टग’. लहान पल्ल्याच्या स्वस्त विमानसेवांमध्ये हा सारा खेळ साधारण अर्ध्या तासात उरकायचा असतो. विमान जमिनीवर असताना कंपनीला कमाई नसते, त्यामुळे एकेका मिनिटाचा हिशेब ठेवला जातो आणि त्या हिशेबाचा ताण शेवटी ट्रॅक्टरच्या चाकामागे बसलेल्या माणसावर येतो.

या गाड्यांना विमानाला जवळजवळ चिकटूनच उभे राहावे लागते, आणि खरी अडचण इथेच आहे. रस्त्यावरचा साधा नियम ‘अंतर ठेवा’ असा असतो. इथे अंतर ठेवले तर कामच होत नाही. पट्टा सामानाच्या दारापाशी वीतभर अंतरावर आणून थांबवावा लागतो. त्यात आणखी एक गोष्ट बाहेरून लक्षात येत नाही. विमान जागच्या जागी वर-खाली होत असते. सामान आणि माणसे उतरली की ते चाकांवर किंचित वर येते; इंधन भरले, प्रवासी चढले की खाली बसते. उघड्या दाराखाली शिडीचा कठडा अगदी टेकवून ठेवला असेल, तर कोणी धक्का न देताही दार शिडीवर टेकून वाकू शकते. म्हणून शिडी लावणाऱ्याने जागेवर थांबून, विमान भरत असताना मधले अंतर पुन्हा पुन्हा पाहायचे असते.

वैमानिकाला काय दिसत नाही

एसटी स्टँडवर गाडी मागे घेताना वाहक खाली उतरतो, मागे जाऊन उभा राहतो आणि शिट्टी वाजवत किंवा पत्र्यावर थाप मारत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतो. अकरा-बारा मीटरच्या गाडीला दोन आरसे असूनही दुसऱ्या माणसाचे डोळे लागतात. एअरबस ए३२० हे आपल्याकडचे सर्रास दिसणारे विमान साडेसदतीस मीटर लांब आणि पंखांच्या टोकांपर्यंत जवळपास छत्तीस मीटर रुंद आहे. त्याला मागे पाहण्याचे आरसे नाहीत. मागचे काही दिसत नाही, आसनावर सरळ बसलेल्या वैमानिकाला पंखाचे टोक सहसा दिसत नाही आणि नाकाच्या लगेच पुढची, खालची कित्येक मीटर जमीन तर मुळीच दिसत नाही. २ ऑगस्ट २०२२ रोजी दिल्लीत एक मोटार इंडिगोच्या उभ्या विमानाच्या नाकाखाली जाऊन पुढच्या चाकापाशी थांबली होती. तशी गाडी विमान हलायच्या वेळी तिथे असती, तर वर बसलेल्या दोघांना तिचा पत्ता लागला नसता.

म्हणूनच विमानतळाच्या आत वाहतुकीचा पहिला नियम असा की विमानाला वाट द्यायची, मग ते स्वतःच्या बळावर चालत असो की टगने ढकलले जात असो. प्रवाशांनी भरलेली बससुद्धा त्याच्यासाठी थांबते. यात मोठ्याचा मान राखण्याचा भाग नाही. जे दिसत नाही त्यासाठी वैमानिक थांबू शकत नाही आणि सत्तर-पंचाहत्तर टनांचे विमान ऐन वेळी वळवताही येत नाही, म्हणून सावध राहण्याची सगळी जबाबदारी ज्याला दिसते त्याच्यावर टाकलेली आहे.

त्यासाठी प्रत्येक बेभोवती जमिनीवर तांबडी रेघ आखलेली असते. विमान येऊन थांबेपर्यंत, त्याची इंजिने बंद होऊन चाकांना ठोकळे लागेपर्यंत एकही गाडी त्या रेघेच्या आत जायची नाही. आत जाण्याआधी गाडी पूर्ण थांबवून ब्रेक लागतो की नाही हे तपासायचे, कारण ब्रेक निकामी झाल्याचे कळायचे असेल तर ते रेघेबाहेर कळलेले बरे. आत आल्यावर माणूस चालेल त्या वेगाने जायचे, पंखाखालून वा पोटाखालून गाडी काढायची नाही, आणि विमानाच्या दिशेने गाडी मागे घ्यायची असेल तर खाली उभ्या माणसाच्या खुणेवाचून घ्यायची नाही. पंखांच्या टोकांखाली आणि इंजिनांपाशी केशरी शंकू ठेवतात तेही याच कारणासाठी: डोक्यावर असलेली वस्तू चालकाच्या नजरेत येत नाही, तिची खूण जमिनीवर करावी लागते.

दोन एटीएम कार्डांएवढी जाडी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ॲल्युमिनियमच्या प्रवासी विमानाचा बाहेरचा पत्रा बऱ्याच ठिकाणी एक ते दोन मिलिमीटर जाडीचा असतो. दोन एटीएम कार्डे एकमेकांवर ठेवली की साधारण तेवढी जाडी होते. आतून बरगड्यांसारख्या पट्ट्यांनी तो तोलून धरलेला असतो आणि ज्या भारासाठी तो बनवला आहे तो भार तो हजारो उड्डाणे उत्तम पेलतो. मात्र तो भार आतून बाहेर असतो. बाहेरून आत येणाऱ्या लोखंडी कोपऱ्याचा त्यात विचार नसतो.

आतून बाहेर म्हणजे काय, ते प्रेशर कुकरवरून समजते. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरची हवा इतकी विरळ असते की त्यात माणूस शुद्धीवर राहू शकत नाही. म्हणून विमानाच्या आत हवेचा दाब वाढवून ठेवावा लागतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा एवढा जास्त असतो की पत्र्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे साडेपाच टनांचा जोर आतून लागतो. घरातल्या छोट्या मोटारींच्या हिशेबाने ते पाच-सहा मोटारींचे वजन झाले. विमान प्रत्येक उड्डाणात असे फुगते आणि उतरताना पुन्हा सैल होते. अखंड, गुळगुळीत पत्र्यावर हा जोर सारखा वाटला जातो. पोचा किंवा घडी पडली की जोर त्या घडीच्या रेषेवर एकवटतो. धातूची तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तिथेच तुटते. तसेच इथे होते, कधी शेकडो उड्डाणांनंतर आणि कधी पहिल्याच उड्डाणात.

पहिल्याच उड्डाणात काय होऊ शकते याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. २६ डिसेंबर २००५ रोजी सिएटलहून बरबँकला निघालेले अलास्का एअरलाइन्सचे ५३६ क्रमांकाचे विमान सुमारे २६,००० फुटांवर असताना एकदम मोठा आवाज झाला, आतला दाब उतरला आणि प्रवाशांपुढे प्राणवायूचे मुखवटे खाली आले. वैमानिकांनी विमान झपाट्याने खाली आणून परत सिएटलला सुखरूप उतरवले. तपासणीत विमानाच्या अंगाला अंदाजे तीस बाय पंधरा सेंटिमीटरचे भोक आढळले. निघण्यापूर्वी बेवर असताना सामानाच्या गाड्या हाताळणाऱ्या कामगाराकडून विमानाला धक्का लागला होता, पत्र्याला घडी पडली होती, आणि त्याने ते कोणालाही सांगितले नव्हते. वैमानिकांच्या लेखी ते विमान पूर्ण ठीक होते.

या घटनेत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की धक्का विमानतळावरच्या इतर शेकडो धक्क्यांसारखाच किरकोळ होता. तो वेळीच सांगितला असता तर अभियंत्याने पाहणी केली असती, विमान बदलावे लागले असते, प्रवासी वैतागले असते आणि गोष्ट तिथेच संपली असती.

वरून काहीच दिसत नसेल तर?

पत्र्याला निदान पोचा दिसतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या नव्या पिढीच्या विमानांत वजनाच्या निम्म्याच्या आसपास भाग कार्बनच्या तंतूंचे थर चिकट रसायनात बसवून केलेला असतो. हा पदार्थ हलका, बळकट आणि न गंजणारा आहे, पण त्याचा एक स्वभाव धातूच्या उलट आहे. धातू वाकतो आणि वाकलेलाच राहतो, म्हणून मार दिसतो. या थरांना बोथट वस्तूचा धक्का बसला तर वरचा थर दबून पुन्हा जागेवर येऊ शकतो आणि आतले थर मात्र एकमेकांपासून सुटलेले असतात. रबरी संरक्षक पट्टी लावलेली शिडी किंवा ट्रक अंगावर दाबला गेला तर रंगावर ओरखडासुद्धा राहणार नाही.

माठ विकत घेताना आपण तो डोळ्यांनी पाहून थांबत नाही. बोटाच्या पेराने टिचकी मारतो आणि आवाज खणखणीत आला तरच घेतो, कारण तडा नजरेला दिसला नाही तरी आवाजाला लपत नाही. विमानाचे अभियंतेही थर सुटले आहेत का हे पाहण्यासाठी ठोकून आवाज ऐकतात, आणि त्याहून खात्रीची पद्धत म्हणून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडून त्यांचा परतावा मोजतात. ७८७ साठी तर बेवरच चटकन वापरता येईल असे हातात मावणारे उपकरण त्यासाठी बनवले गेले आहे. परंतु टिचकी कुठे मारायची हे कोणीतरी सांगावे लागते. साठ मीटर लांबीच्या विमानावर नेमका हातभर भाग दुखावला आहे हे फक्त एकाच माणसाला ठाऊक असते, आणि तो म्हणजे गाडी चालवणारा.

तांबडा दिवा फिरत असताना

आतापर्यंत गाडीपासून विमानाला असलेला धोका पाहिला. उलट बाजूचा धोका अधिक क्रूर आहे. विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लुकलुकणारा तांबडा दिवा असतो. तो चालू आहे याचा अर्थ इंजिने चालू आहेत किंवा होण्याच्या बेतात आहेत, आणि तो बंद झाल्याशिवाय कोणी जवळ जायचे नाही. बोइंग ७३७ चे इंजिन सर्वांत मंद गतीने फिरत असतानाही त्याच्या तोंडापुढे साधारण तीन मीटरच्या आत माणूस ओढला जाऊ शकतो, आणि मागे सुमारे तीस मीटरपर्यंत त्याचा झोत घातक ठरतो. जोर वाढवला की दोन्ही अंतरे वाढतात.

१६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबई विमानतळावर हैदराबादला निघालेले एअर इंडियाचे विमान टगने मागे ढकलून झाले होते. खालची माणसे बाजूला होण्याआधीच विमान स्वतःच्या बळावर पुढे निघाले आणि एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. त्याचा जागीच मृत्यू झाला. वर्षानुवर्षे विमानांच्या सहवासात काम केलेला माणूस इंजिनापासून इतका जवळ कसा राहिला, असे बाहेरच्याला वाटते. पण तिथला आवाज डोळ्यांपुढे आणून पाहावा: आसपास चार विमानांची इंजिने सुरू, कानांवर जाड आवाजरोधक, त्यावर वैमानिकाशी बोलण्याचे यंत्र, रात्रीची वेळ आणि पाठीशी विमान. अशा ठिकाणी आपल्या जवळचे नेमके कोणते इंजिन फिरते आहे हे कान सांगत नाहीत. म्हणून तिथे हातांच्या खुणा लागतात. खालचा माणूस दूर, वैमानिकाला दिसेल असा उभा राहतो, टग सोडवल्याची खूण दाखवतो, अंगठा वर करतो, आणि ती खूण वैमानिकाने पाहिली आहे याची खात्री होईपर्यंत कोणीही हलायचे नसते.

धावपट्टी: फाटक नसलेली रेल्वे

बेवरचा अपघात बहुतेक वेळा पैशांत मोजता येतो. धावपट्टीवर गाडी आली तर हिशेब माणसांच्या जिवाचा होतो. रेल्वे फाटकावर गाडी येण्याआधी दांडा खाली येतो. धावपट्टीला दांडा नाही. तिथे एक रेघ असते, अनेक ठिकाणी तांबड्या दिव्यांची ओळ असते, आणि नियंत्रण मनोऱ्यातून रेडिओवर मिळणारी तोंडी परवानगी असते. चालकाने ती परवानगी शब्दशः उलट म्हणून दाखवायची असते, म्हणजे ऐकण्यात चूक झाली असेल तर मनोऱ्यात ती लगेच कळते. अग्निशमन दलाच्या गाडीलाही यातून सूट नाही.

१५ फेब्रुवारी २०२० रोजी पुण्यातच एअर इंडियाचे एक विमान दिल्लीसाठी धावपट्टीवरून वेगाने धावत असताना वैमानिकांना पुढे एक जीप आणि एक माणूस दिसला. थांबण्याइतकी जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी विमान ठरलेल्या वेगाआधीच उचलले. शेपटीचा खालचा भाग जमिनीला घासला. विमान दिल्लीत सुखरूप उतरले. पुण्याचा तळ हवाई दलाचा आहे आणि त्याच धावपट्टीवर लढाऊ विमाने व प्रवासी विमाने दोन्ही चालतात. गोव्यात दाभोळीला नौदलाच्या तळावर असेच आहे. अशा ठिकाणी वेगवेगळ्या शिस्तीत वाढलेली माणसे एकाच पट्टीवर काम करतात, त्यामुळे परवानगीची भाषा एकच असणे आणखी गरजेचे ठरते.

ती भाषा एक नसली तर काय होते हे पेरूची राजधानी लिमा येथे १८ नोव्हेंबर २०२२ रोजी दिसले. अग्निशमन गाड्या किती वेळात पोहोचतात याचा सराव चालू होता, सरावाला मिळालेल्या परवानगीत धावपट्टीवर जाण्याची परवानगी आहे असे एका बाजूने धरले आणि दुसऱ्या बाजूने धरले नाही. उड्डाणासाठी धावणारे विमान अग्निशमन गाडीवर आदळले. विमानातले सर्वजण वाचले, गाडीतले जवान वाचले नाहीत.

यातली सर्वांत भीषण घटना सोव्हिएत काळातली, सायबेरियातील ओम्स्क येथील. ११ ऑक्टोबर १९८४ च्या पहाटे पावसाने ओली झालेली धावपट्टी वाळवण्यासाठी गाड्या पट्टीवर होत्या. त्यांना परवानगी देणाऱ्या नियंत्रकाने ‘पट्टी व्यापलेली आहे’ हा दिवा लावला नाही आणि नंतर त्याला झोप लागली. गाड्यांवरचे लुकलुकणारे दिवेही बंद होते. उतरणारे टीयू-१५४ प्रवासी विमान त्यांच्यावर आदळले आणि १७८ माणसे गेली. सुरक्षेचे तीन वेगवेगळे पदर त्या पहाटे एकापाठोपाठ एक निखळले, आणि त्यातला एकही पदर महागडा नव्हता.

‘त्या चालकाला काढून टाका’

अशा प्रत्येक बातमीखाली हेच वाक्य असते आणि त्यामागचा संताप मला समजतो. बेफिकिरीला शिक्षा हवीच. दारू पिऊन गाडी चालवणारा, परवाना नसताना आत येणारा, सांगूनही वेग कमी न करणारा माणूस तिथे नकोच. विमानतळाच्या आत गाडी चालवायला आरटीओचा परवाना पुरत नाही. वेगळे प्रशिक्षण, वेगळी परीक्षा आणि वेगळा परवाना लागतो, आणि तो रद्दही होतो.

पण प्रत्येक धक्क्याला नोकरी जाणार असेल तर दुसरा परिणाम काय होईल, याचा विचार या मागणीत नसतो. रात्री दोन वाजता पट्टा विमानाला किंचित घासला, पाहणारे कोणी नाही, कंत्राटावरची नोकरी आहे आणि घरी त्याच पगारावर चूल पेटते. अशा माणसाला तोंड उघडले तर उद्यापासून येऊ नकोस असे सांगितले जाणार हे पक्के ठाऊक असेल, तर तो गप्प बसेल. त्याच्या गप्प बसण्यावर सकाळी दीडशे माणसे स्वार होऊन उडतील. सिएटलमध्येही लागलेला धक्का कोणाला सांगितला गेला नव्हता. म्हणून विमान वाहतुकीत प्रामाणिक चूक आणि जाणूनबुजून केलेली बेपर्वाई यांत फरक करण्याची पद्धत रुजवण्याचा प्रयत्न अनेक वर्षे चालू आहे: चूक झाल्याबरोबर सांगणाऱ्याला संरक्षण, लपवणाऱ्याला शिक्षा. कागदावर ही पद्धत आपल्याकडेही मान्य आहे. ती बेवरच्या शेवटच्या कंत्राटी चालकापर्यंत पोहोचली आहे का, हा प्रश्न चौकशी अहवालांइतकाच महत्त्वाचा आहे असे माझे ठाम मत आहे.

यात झोपेचाही विचार करावा लागतो. दिल्लीच्या त्या मोटारचालकाची मद्यचाचणी झाली आणि तो प्यायलेला नव्हता. बंगळूरच्या घटनेत चालकाला डुलकी लागल्याचे सुरुवातीच्या बातम्यांत आले. वैमानिकांनी सलग किती तास काम करायचे याला काटेकोर मर्यादा आहेत आणि त्यांवर वर्तमानपत्रांत चर्चा होते. विमानाला टेकून गाडी उभी करणाऱ्या माणसाच्या पाळ्यांवर मात्र फारशी चर्चा होत नाही.

‘मग यंत्रेच का लावत नाहीत?’

लावतात, आणि आणखी लावायला हवीत. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयाटाने, २०२२ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार जमिनीवरच्या अशा नुकसानीचा जगभरातला वार्षिक खर्च २०१९ मध्ये सुमारे ५ अब्ज डॉलर होता आणि काहीच केले नाही तर २०३५ पर्यंत तो १० अब्जांच्या जवळ जाईल. विमान उभे राहिल्यानंतर होणारे बहुतांश नुकसान त्याला चालती गाडी लागून होते. विमान जवळ आल्याचे ओळखून वेग आपोआप कमी करणाऱ्या आणि शेवटचे काही सेंटिमीटर मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या गाड्यांचा वाटा जगभरात पंचाहत्तर टक्क्यांवर गेला, तर या नुकसानीचा खर्च ४२ टक्क्यांनी घटेल असा त्या अभ्यासाचा अंदाज आहे. हा आकडा मोठा आहे, आणि उरलेले अठ्ठावन्न टक्केही मोठेच आहेत. गाडी विमान ओळखू शकते. शिडीवर टेकत चाललेले दार, ओल्या काँक्रीटवर घसरणारे चाक किंवा ब्रेक न लावता सोडून दिलेली सामानाची गाडी वाऱ्याने सरकत जाणे हे सगळे तिला कळेलच असे नाही. मोठ्या विमानतळांवर जमिनीवरच्या हालचाली टिपणारे रडार असते, पण त्याचा उपयोग मुख्यतः धावपट्टी आणि तिच्याकडे जाणाऱ्या मार्गांसाठी आहे. बेवरच्या गर्दीत शेवटी माणसाची नजर आणि माणसाचे सांगणे यावरच भिस्त राहते. शिवाय अशा गाड्या महाग असतात आणि अनेक ठिकाणी जुन्याच गाड्या डागडुजी करून चालवल्या जातात.

प्रवाशांच्या हातात काय आहे

थोडे आहे, पण निरुपयोगी नाही. बसमधून उतरून विमानापर्यंत चालताना आखलेल्या वाटेवरूनच चालावे, फोटोसाठी पंखाखाली किंवा इंजिनाकडे वळू नये, मुलांचा हात सोडू नये आणि टोपी किंवा कागद वाऱ्याने उडाला तर त्यामागे धावू नये. बस ॲप्रनवर दहा मिनिटे थांबवून ठेवली असेल तर बहुधा पुढून एखादे विमान जाणार असते किंवा तुमच्या विमानाचा तांबडा दिवा अजून बंद झालेला नसतो.

आणि आत बसल्यावर, दारे बंद होण्याआधी किंवा नंतरही, शिडी वा पट्टा लागल्याचा हिसका जाणवला, गाडी अंगाला घासताना दिसली, तर हवाई सेविकेला बोलावून आसनाचा क्रमांक, कोणती बाजू आणि काय दिसले हे सांगावे. आपल्यामुळे उशीर होईल म्हणून संकोच करू नये. ती ते कॅप्टनला कळवते, कॅप्टन खालच्या अभियंत्याला सांगतो, आणि तो विजेरी घेऊन नेमक्या त्या खिडकीखालच्या पत्र्यावरून हात फिरवून पाहतो. या कामाला वेळ लागतो आणि तो लागू द्यावा.